आमच्या कंपनीच्या मेल आयडीवरून भलताच कोणीतरी मेल पाठवतोय, काय करायचं?

सीलवाला:
मंडळी, वागळे इस्टेटला आमचं छोटं युनिट आहे, रबर गास्केट आणि ऑइल सील बनवतो. कंपनीच्या नावाचं डोमेन (मेल पत्त्यात @ च्या पुढचा भाग) आहे, त्यावर सेल्स, अकाउंट्स वगैरे मोजके आयडी. सोमवारी सकाळी सेल्सचा इनबॉक्स उघडला तर 'मेलर डीमन'कडून आलेल्या मेलचा नुसता खच. तुमचा मेल पोचला नाही, असा पत्ताच नाही, मेलबॉक्स भरलाय... काही जर्मनमध्ये, काही बहुतेक रशियनमध्ये. आम्ही यातला एकही मेल पाठवलेला नाही, सेंट फोल्डर स्वच्छ आहे. आतला मूळ मेल बघितला तर स्वस्त कर्ज देणार म्हणून जाहिरात, खाली एक लिंक आणि पाठवणारा कोण तर आमचा सेल्स आयडी! पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काय शेठ, सील सोडून फायनान्समध्ये उतरलात का?"

पासवर्ड सगळे बदलले, तरी येतच आहेत. ज्यांच्याकडून होस्टिंग (मेल आणि वेबसाइटसाठी सर्व्हरवरची जागा) घेतलंय ते म्हणतात तुमच्या पीसीत व्हायरस असेल, फॉरमॅट मारा. तर प्रश्न असे की आम्ही हॅक झालोय का, हे थांबवता येतं का, आणि पोलिसात जावं का? जाणकारांनी सांगावं. आणि जरा मराठीत सांगा, ते होस्टिंगवाले बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं.

सई_नौपाडा:
आधी अँटिव्हायरस फुल स्कॅन करा आणि टू स्टेप चालू करा. माझ्या मावसबहिणीचं असंच झालेलं.

कोपरीकर:
कर्ज किती टक्क्याने देताय ते पण सांगा, फ्लॅट बघतोय घोडबंदर रोडला 😀

पॅकेटपाहणारा:
सीलवाला, फॉरमॅट बिरमॅट काही मारू नका. मी महापेला मेल सर्व्हरच सांभाळतो, हे रोजचं आहे. सेंट फोल्डर स्वच्छ आहे, पासवर्ड बदलूनही थांबत नाही, म्हणजे बहुतेक तुमचं खातं कोणी उघडलेलंच नाही. (बहुतेक म्हणतोय, कारण चोर पाठवून झाल्यावर सेंटमधून डिलीटही करू शकतो. खात्री कशी करायची ते खाली सांगतो.) त्यांनी फक्त 'फ्रॉम'मध्ये तुमचा पत्ता टाइप केलाय. त्याला पासवर्ड लागतच नाही.

मेल ज्या पद्धतीने जातो ना, एसएमटीपी, ती १९८२ ची आहे, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि सरकारी लॅब एवढीच मंडळी, एकमेकांना ओळखणारी. पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात ठेवलेली नाही. नंतर जे काही आलं ते वरून लावलेलं ठिगळ.

आता खात्री. परत आलेल्या मेलपैकी एक उघडा, बऱ्याचदा मूळ मेलचे हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याच्या नोंदी, त्याला जोडलेले असतात. त्यात 'रिसीव्ह्ड' म्हणून ओळी असतात, त्या खालून वर वाचायच्या. जो सर्व्हर तुम्हाला मेल परत पाठवतोय त्याने स्वतः लिहिलेल्या ओळीत आयपी (इंटरनेटवरच्या मशीनचा नंबर) बघा, तो मेल त्याच्याकडे कुठून आला ते कळेल. सगळ्यात खालच्या ओळी खोट्या असू शकतात, त्यावर जाऊ नका. तो आयपी तुमच्या होस्टिंगचा नसेल तर तुम्ही हॅक झालेले नाही, तुमचं नुसतं नाव वापरलंय. होस्टिंगचाच असेल तर मात्र प्रकरण वेगळं, मग इथे परत या.

टपालकाका:
मी पोस्टातून निवृत्त झालो, ठाण्यातच. पॅकेटपाहणारा म्हणतात ते माझ्या लगेच लक्षात आलं. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं, काउंटरवर आम्ही कधी विचारलं नाही की बाबा हा तूच का. आणि पत्र पोचलं नाही की ते जातं कुठे? त्या प्रेषकाच्या पत्त्यावर! प्रेषकाचा पत्ताच नसला की मग आरएलओला, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या ऑफिसला. तसंच यांचं झालंय, लिहिलं दुसऱ्याने आणि परत आलेला गठ्ठा यांच्या दारात.

पॅकेटपाहणारा:
काका, एकदम करेक्ट. आणि ईमेललासुद्धा आत पत्र आणि बाहेर पाकीट असतंच! पाकिटावरचा प्रेषकाचा पत्ता वेगळा, आत दिसणारा 'फ्रॉम' वेगळा, दोन्ही जुळलेच पाहिजेत असं बंधन नाही. ही भानगड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीलवाला:
बघितलं. भाऊ आणि मी दोघं बसलो होतो हेडर घेऊन, डोळे फुटायची वेळ आली. आयपी दर मेलला वेगळाच निघतोय, एक व्हिएतनाम, एक ब्राझील, आमच्या होस्टिंगचा एकही नाही. म्हणजे हॅक नाही ना? जीव भांड्यात पडला. पण गिऱ्हाइकांना जातायत त्याचं काय?

पॅकेटपाहणारा:
नाही, हॅक नाही. एकेका मेलला वेगळा आयपी म्हणजे व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरांची फौज, बॉटनेट म्हणतात त्याला. लोकांच्या घरचे पीसी, राउटर, कॅमेरे. त्या लोकांनाही पत्ता नसतो.

आता थांबवायचं कसं. स्पष्ट सांगतो, त्याला पाठवण्यापासून तुम्ही रोखू शकत नाही. कोणीच नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की घेणाऱ्या सर्व्हरला आधीच सांगून ठेवायचं, आमच्या नावाने आलेला अमुक मेल खरा आणि बाकीचा फेकून दे. हे सांगायची जागा म्हणजे तुमच्या डोमेनचं डीएनएस, इंटरनेटवर कोणालाही वाचता येणारी डोमेनची नोंदवही. तिथे तीन गोष्टी लागतात.

एसपीएफ म्हणजे आमचे मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतात त्याची यादी. पण ती तपासली जाते पाकिटावरच्या पत्त्याशी, आत दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी नाही, म्हणून नुसत्या एसपीएफने भागत नाही. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर तुमच्या सर्व्हरने मारलेली डिजिटल सही. गुप्त किल्ली सर्व्हरवर, जाहीर किल्ली डीएनएसमध्ये, घेणारा दोन्हीचा मेळ बसतो का बघतो. आणि तिसरं डीमार्क. या दोघांपैकी निदान एक तरी पास झालं पाहिजे आणि ते दिसणाऱ्या 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळलंही पाहिजे, नाहीतर काय करायचं ते डीमार्क सांगतं. पी=नन म्हणजे काही करू नको, फक्त मला रिपोर्ट पाठव. पी=क्वारंटाइन म्हणजे स्पॅममध्ये टाक. पी=रिजेक्ट म्हणजे दारातूनच हाकल.

दारातूनच हाकललं की आणखी एक फायदा. 'नको' हे उत्तर जो पाठवतोय त्याच्याच मशीनला मिळतं, तुमच्याकडे परतीचा मेल येतच नाही. तुम्हाला जो कचरा येतोय तो अशा सर्व्हरांकडून, जे आधी मेल मुकाट्याने घेतात आणि मग शोधत बसतात की हा माणूस आपल्याकडे आहे का.

खारघर_हिल्स:
एवढा उपद्व्याप कशाला? सरळ जीमेल वापरा. आमचं दुकान जीमेलवर चालतं, काही त्रास नाही.

ऐरोलीची_सीए:
@खारघर_हिल्स, जीमेलचा पत्तासुद्धा 'फ्रॉम'मध्ये कोणीही टाकू शकतो. फरक इतकाच की तिथे डीएनएस गूगलच्या हातात, तुम्ही स्वतः काही करू शकत नाही, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. डोमेन स्वतःचं असलं की दोरी आपल्या हातात. शिवाय पर्चेसवाल्याला कोटेशन जीमेलवरून गेलं की तो आधी नाक मुरडतो, हे माझ्या सगळ्या क्लायंटचं म्हणणं.

पण मला वेगळंच सांगायचंय. कर्जाच्या जाहिराती ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी गोष्ट. माझा एक क्लायंट तुर्भ्याला, मसाल्याचा एक्स्पोर्ट. त्याच्या गिऱ्हाइकाला मेल गेला की आमची बँक बदलली, यापुढे पेमेंट या नवीन खात्यात करा, सोबत खरं दिसणारं इन्व्हॉइस, लोगो, सही, शिक्का सगळं. गिऱ्हाईक हुशार, त्याने व्हॉट्सॲपवर नुसतं "न्यू बँक?" एवढंच विचारलं म्हणून वाचले. नाहीतर मोठी रक्कम गेली होती. आणि गंमत म्हणजे तो मेल यांच्या डोमेनवरून आलाच नव्हता! डोमेनच्या नावात 'एम' होता, तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लावून नवीन डोमेन विकत घेतलेलं. छोट्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी तुमचं एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं पास होतं, कारण ते डोमेन त्या चोराचंच आहे!

पॅकेटपाहणारा:
बरोबर आहे ताई, डीमार्क तुमच्या नेमक्या डोमेनचं रक्षण करतं, त्यासारख्या दिसणाऱ्याचं नाही. पण म्हणून ते लावायचंच नाही असं नको.

ऐरोलीची_सीए:
लावू नका कुठे म्हटलं? लावाच. पण ते लावलं म्हणजे सुटलो असं समजू नका, एवढंच. इन्व्हॉइसवर एक ओळ छापून घ्या: 'आमचे बँक खाते बदलल्याचे आम्ही कधीही ईमेलने कळवत नाही, फोन करून खात्री करावी.' आणि फोन जुन्या डायरीतल्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नाही. याला एक पैसा खर्च नाही.

मिठागर:
+१ त्या ओळीला. आमच्या कंपनीत तर आता अकाउंट्सच्या टेबलावरच कागद चिकटवलाय.

घणसोली_रात्रपाळी:
मला तर माझ्याच आयडीवरून मलाच मेल आला होता. "मी तुझा कॉम्प्युटर हॅक केलाय, पुरावा म्हणून बघ तुझ्याच खात्यातून पाठवतोय, तुझा कॅमेऱ्यातला व्हिडिओ माझ्याकडे आहे, बिटकॉइनमध्ये पैसे टाक नाहीतर सगळ्या नातेवाईकांना पाठवतो." खाली माझा एक जुना पासवर्डसुद्धा खरा!! रात्रभर झोप नाही.

कोपरीकर:
व्हिडिओत काय होतं भाऊ? 😛

घणसोली_रात्रपाळी:
अरे माझ्या पीसीला कॅमेराच नाही! ते सकाळी लक्षात आलं.

मिठागर:
😂😂 हसून हसून पोट दुखलं

पॅकेटपाहणारा:
हा प्रकार २०१८ पासून धो धो चालू आहे. जुना पासवर्ड कुठल्यातरी वेबसाइटच्या गळतीतून मिळालेला असतो, अशा याद्या बाजारात फिरतात. ट्रॉय हंट यांची 'हॅव आय बीन पोन्ड' म्हणून साइट आहे, तिथे आपला ईमेल टाकला की कुठल्या कुठल्या गळतीत तो सापडला ते दिसतं. पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही. मात्र तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर आजच बदला.

सोसायटी_सचिव_मानपाडा:
थोडं अवांतर. आमच्या कॉलेजच्या बॅचचा याहू ग्रुप होता, २०१४ साली एप्रिलमध्ये अचानक गोंधळ. याहू आयडीवाल्याने ग्रुपवर... नाही नाही, याहू ग्रुपवर नाही, दुसरी एक मेलिंग लिस्ट होती आमची, एकाने स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेली, तिथे याहूवाल्याने काही लिहिलं की बाकीच्यांना पोचायचंच नाही, उलट आमच्यासारख्यांचेच आयडी लिस्टमधून उडायचे. आम्ही एकमेकांवर संशय घेत बसलो की ॲडमिन मुद्दाम काढतोय. हे त्या डीमार्कमुळेच होतं का?

पॅकेटपाहणारा:
हो, तेच! याहूने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःच्या डोमेनला पी=रिजेक्ट लावलं. मेलिंग लिस्ट काय करते, तुमचा मेल घेते, विषयात ग्रुपचं नाव घुसवते, खाली दोन ओळी चिकटवते आणि स्वतःच्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवते, 'फ्रॉम' मात्र तुमचाच. सर्व्हर बदलला म्हणून एसपीएफ जुळत नाही, मजकूर बदलला म्हणून सही मोडते. मग घेणारे सर्व्हर तो मेल परत हाकलतात, आणि लिस्टला वाटतं की घेणाऱ्याचाच पत्ता बंद आहे, म्हणून त्याचा आयडी उडवते. जगभरच्या लिस्ट आडव्या झाल्या होत्या. तुमच्या ॲडमिनची माफी मागा.

सोसायटी_सचिव_मानपाडा:
माफी मागायला तो आता ग्रुपवर नाही. आम्हीच काढला त्याला.

कोपरीकर:
😂 धागा सार्थकी लागला

वकील_सीबीडी:
पोलिसांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. स्पॅम ईमेलविरुद्ध आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही, ट्रायचे नियम आहेत ते कॉल आणि एसएमएसबद्दल. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६डी आहे, कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. प्रत्यक्षात व्हिएतनाम आणि ब्राझीलच्या आयपीमागचा माणूस सापडेल का, तर आशा ठेवू नका. तरीही राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा, पावती घ्या. उद्या कोणी गिऱ्हाईक म्हणालं की तुमच्या मेलमुळे आमचे पैसे गेले, तर आम्ही त्याच वेळी कळवलं होतं हे दाखवायला कागद हवा. आणि कोणाचे खरोखर पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. तिथे वेळ महत्त्वाचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

सीलवाला:
वकीलसाहेब, ताई, धन्यवाद. पोर्टलवर टाकली तक्रार. गिऱ्हाइकांना एक साधा मेल आणि व्हॉट्सॲप पण पाठवला.

आता पुढचा अडथळा. भावाने डीएनएसचं पान उघडलं तर एसपीएफ आधीच आहे! एक नाही, दोन. एक होस्टिंगचा आणि एक कोणीतरी न्यूजलेटरसाठी टाकलेला. मग आधीपासून असताना चाललं कसं नाही?

पॅकेटपाहणारा:
दोन आहेत म्हणूनच. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असावा लागतो. दोन दिसले की घेणारा म्हणतो ही चूक आहे, आणि दोन्ही बाद. दोन्हीतले सर्व्हर एकाच ओळीत घ्या. त्यातही नियम असा की ती ओळ तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागता कामा नये, तेव्हा जे वापरात नाही ते काढूनच टाका. शेवटी काय लिहिलंय, टिल्डा ऑल (यादीबाहेरचा मेल संशयास्पद समज) की मायनस ऑल (यादीबाहेरचा नकोच)?

सीलवाला:
प्लस ऑल.

पॅकेटपाहणारा:
😳 प्लस ऑल म्हणजे जगातला कुठलाही सर्व्हर आमच्या नावाने मेल पाठवू शकतो, आमची हरकत नाही! कोणी लिहिलंय हे?? आत्ता काढा. सध्या टिल्डा ऑल ठेवा.

कोपरीकर:
दार उघडं आणि वर 'सुस्वागतम्'चा बोर्ड.

नेरुळकर_पूर्व:
डीकिमचं पण बघून घ्या. २०४८ बिटची किल्ली डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा असते. काही पॅनल (डीएनएस भरायची पानं) आपोआप तुकडे पाडतात, आमचं पॅनल पुढचं मुकाट्याने कापून टाकत होतं आणि 'सेव्ह झालं' म्हणून हिरवी टिकही दाखवत होतं. आम्ही कित्येक दिवस सही का जुळत नाही म्हणून सर्व्हरला शिव्या घालतोय. किल्ली अवतरण चिन्हांत दोन तुकडे करून टाकली तेव्हा चाललं. टाकल्यावर जीमेलवर स्वतःला एक मेल पाठवा आणि उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' बघा. वरच तक्ता येतो, एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिघांपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

सई_नौपाडा:
हे मी आत्ता माझ्या ऑफिसच्या आयडीचं करून बघितलं, डीमार्कची ओळच नाहीये 😬 आयटीवाल्याला उद्या पकडते.

पॅकेटपाहणारा:
पकडाच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय. गूगलचा आकडा जीमेलवर दिवसाला ५००० मेल. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकसाठी तसंच. छोट्यांना सगळी सक्ती नाही, पण नसलं की कोटेशन स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते. सीलवाला यांच्यासारख्याला तो तोटा चोरापेक्षा मोठा.

घणसोली_रात्रपाळी:
बँकांचं पण काहीतरी बदललंय ना? नवीन पत्ते आलेत.

ऐरोलीची_सीए:
हो, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. ते डोमेन कोणालाही विकत मिळत नाही, फक्त बँकांना. त्यामुळे निदान बँकेच्या नावाचं हुबेहूब दिसणारं डोमेन घेणं चोराला अवघड.

सीलवाला:
अपडेट. एसपीएफ एकच केला, डीकिम चालू, तिन्ही पास. डीमार्क पी=रिजेक्ट टाकायला भाऊ उतावीळ झालाय, टाकू का?

पॅकेटपाहणारा:
थांबा थांबा. आधी पी=नन आणि रिपोर्टसाठी एक वेगळा आयडी. त्यावर गूगल वगैरेंकडून रोज झिप फाइल येईल, आत एक्सएमएल. कुठल्या आयपीवरून तुमच्या नावाने किती मेल आले, किती पास, किती फेल. दोन-तीन आठवडे बघा. नेहमी काहीतरी विसरलेलं निघतं, बिलिंगचं सॉफ्टवेअर, हजेरीचं मशीन, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, हे सगळे तुमच्या नावाने मेल पाठवत असतात आणि यादीत नसतात. थेट रिजेक्ट टाकलंत तर स्वतःचीच बिलं परत येतील. यादी पुरी झाली की क्वारंटाइन, मग रिजेक्ट.

नेरुळकर_पूर्व:
सहमत. आमच्याकडे पगाराच्या स्लिपा गायब झालेल्या. लोकांना वाटलं पगारच नाही.

खारघर_हिल्स:
म्हणजे तोपर्यंत ते कर्जाचे मेल जातच राहणार?

पॅकेटपाहणारा:
हो, काही जातील. पण हे भामटे एका पत्त्याला फार दिवस चिकटत नाहीत, फिल्टर ओळखायला लागले की दुसरा पत्ता उचलतात. तोवर परतीच्या मेलसाठी एक फिल्टर लावा, म्हणजे ते वेगळ्या फोल्डरमध्ये जातील. डिलीट करू नका, तुमच्या एखाद्या खऱ्या कोटेशनचा परतीचा मेलही त्यातच असू शकतो.

सीलवाला:
रिपोर्ट सुरू झाले. तुम्ही म्हणाला तसंच, चौकशीचा फॉर्म निघाला यादीबाहेरचा. आणि कचरा बराच कमी झालाय. अजून एक विचारू? आमचं एक जुनं डोमेन आहे, 'डॉट को डॉट इन'वालं, वडिलांनी घेतलेलं, दर वर्षी पैसे भरतो पण मेल काहीच नाही त्यावर. त्याचं काही करायचं का?

पॅकेटपाहणारा:
आवर्जून करा, पडीक डोमेन चोरांना आवडतात कारण मालक तिकडे बघतच नाही. तिथे विचार करत बसायला नको, मेल जातच नाही तर एसपीएफमध्ये एकही सर्व्हर न लिहिता नुसतं मायनस ऑल, आणि डीमार्क पहिल्याच दिवशी पी=रिजेक्ट.

सीलवाला:
टाकलं दोन्ही. भाऊ विचारतोय तुम्ही महापेहून घरी कुठल्या बाजूला जाता, वाटेत वागळे लागत असेल तर या एकदा.

पॅकेटपाहणारा:
डोंबिवली 😀 उलटी दिशा. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधूनच हे प्रतिसाद टाइप करतोय.

कोपरीकर:
गाडी चालवताना?

पॅकेटपाहणारा:
बसमध्ये हो, बसमध्ये!